सगळ्यांच्या हातातला माऊस

मी एक जुना संगणक आहे, मित्रांनो, पण मला हात लावायला आलात तर तुमच्या हाती काहीच लागणार नाही. मला पेटी नाही, पडदा नाही, कळफलक नाही. एका खऱ्या संगणकाच्या पोटात मी चालतो. लोक मला आभासी संगणक म्हणतात. तो खरा संगणक एका घराच्या बोळकांडीत, चपलांच्या कपाटावर ठेवलेला आहे. घरातली माणसे येता-जाता त्याच्यावर किल्ल्या, पिशव्या, ओल्या छत्र्यासुद्धा ठेवतात.

मला घडवले ते या घरातल्या धाकट्या भावाने. तो लिफ्ट दुरुस्त करतो. दिवसभर कुणाच्या तरी इमारतीत ग्रीसने माखायचे आणि घरी आले की संगणकाशी खुडबुड करायची, हा त्याचा छंद. एका कचेरीने मोडीत काढलेली पेटी त्याने आणली, साफ केली आणि तिच्या पोटात मला उभे केले. मग मला इंटरनेटवर सोडून दिले. "कुणीही या, कुणीही वापरा," असे त्याने माझ्या दारावर लिहिले. भोळा माणूस!

माझा पडदा जगभर सगळ्यांना एकाच वेळी दिसतो. माऊस मात्र एकच. ज्याला तो हवा त्याने बटण दाबून रांगेत थांबायचे, पाळी आली की थोडा वेळ माऊस त्याचा. बाजूला गप्पांची खिडकी असते. कुणी मला फारच बिघडवले तर मला पुन्हा पहिल्यासारखे करतात, आणि पडद्यावरचे सगळे पुसले जाते. गप्पा मात्र वेगळ्या जागी राहतात, म्हणून तर मला हे सारे आठवते.

सुरुवातीचे दिवस मजेचे होते. एकाने गाय काढायला घेतली, दुसऱ्याने तिला पाचवा पाय काढला, तिसऱ्याने त्या पायात बूट घातला. ज्यांनी एकमेकांचे तोंड कधी पाहिले नव्हते ती माणसे पोट धरून हसत होती. "काय झकास यंत्र आहे!" असे कुणी लिहिले की माझ्या पेटीचा पंखासुद्धा जरा जोरात फिरे.

त्याच दिवसांत माझ्याकडे एक भाऊ-बहीण येऊ लागले. भाऊ बस चालवत असे. मेंदूतल्या आजाराने त्याचा उजवा हात लुळा पडला आणि शब्द गेले. समोरची वस्तू त्याला ओळखू यायची, पण तिचे नाव ओठांवर यायचे नाही. तो एका पुनर्वसन केंद्रात होता आणि तिथल्या बैठकीच्या खोलीतल्या संगणकावरून माझ्याकडे यायचा. त्याची थोरली बहीण दुसऱ्या गावी राहायची. माझ्याकडे तिचे नाव होते 'अक्का'. त्याचे नुसतेच 'ड्रायव्हर'.

दोघे मिळून माझ्यावर पत्त्यांचा एकट्याने खेळायचा डाव मांडत. अक्काचा नियम कडक होता. पान हलवायचे तर आधी त्याचे नाव लिहायचे.

"लाल आहे, काळं आहे, असलं चालणार नाही," ती लिहायची. "नाव सांग त्याचं."

ड्रायव्हरकाका डाव्या हाताने एकेक अक्षर वेचून काढत. 'ब', मग बराच वेळ काही नाही, मग 'बदा', मग 'बदाम'. एकदा त्यांनी 'किलवर गुलाम' असे सलग लिहिले, तेव्हा रांगेत ताटकळलेल्या अनोळखी लोकांनी टाळ्यांची चित्रे पाठवली. त्यांना कुणी सांगितले नव्हते, पण इथे काय चालले आहे ते सगळ्यांना उमगले होते. काकांची पाळी आली की लोक आपापली बटणे सोडून देत. मित्रांनो, मला तेव्हा फार अभिमान वाटायचा.

आणि मग तुफान आला.

हे त्याने स्वतः घेतलेले नाव. त्याने पहिल्याच पाळीत डाव बंद केला. दुसऱ्या पाळीत पत्त्यांचा खेळच काढून टाकला. मग पडदाभर घाणेरडे शब्द लिहिले. पुढे तो दहा खोट्या नावांनी आत यायला लागला, म्हणजे रांग लांबच लांब, पण रांगेत माणूस एकच. एकामागून एक इतक्या खिडक्या उघडायचा की माझा श्वास कोंडायचा. मला पहिल्यासारखे करावे, अक्काने पुन्हा पत्ते मांडावेत, काकांनी पहिले पान ओळखावे, की हा हजर.

माझा मालक दिवसा लिफ्टच्या खड्ड्यात असायचा. म्हणून राखणदारी त्याच्या वहिनीकडे आली. वहिनी घरीच कपडे दुरुस्त करून देते. कुणाची पँट आखूड करायची, कुणाच्या कोटाला नवी चेन लावायची. तिने शिवणयंत्राशेजारी फोन उभा केला आणि एक डोळा सुईवर, एक डोळा माझ्यावर असे काम सुरू केले. तिच्या हाती तीन गोष्टी होत्या. बोलणे बंद करणे, माऊस काढून घेणे आणि बाहेर काढणे.

तिने तुफानला बाहेर काढले. तो 'तुफान पुन्हा' होऊन आला. तिने तेही नाव काढले. 'तुफानचा बाप' आला. वहिनीने दात-ओठ खाऊन त्यालाही हाकलले, तर 'तुफानची सासू' दारात उभी. या धांदलीत तिने एका गिऱ्हाइकाच्या पँटचा एक पाय घोट्यापर्यंत आणि दुसरा पिंढरीपर्यंत शिवला.

"भावोजी, हे यंत्र एक तर तुम्ही सांभाळा, नाहीतर विहिरीत टाका," ती मालकाला म्हणाली. "लोकांचे कपडे शिवू की या माणसाची उस्तवार करू?"

"वहिनी, कंटाळेल तो. दुर्लक्ष करा."

"दुर्लक्ष करून आधी मीच कंटाळले. तो नाही कंटाळत."

माझी माणसे एकेक करून गेली. गाय काढणारे गेले, बूट घालणारे गेले. मला तर हात नाहीत, तोंड नाही. माझ्या अंगावर कुणीही काहीही करावे आणि मी ते इमानदारीने सगळ्यांना दाखवावे, हेच माझे काम. याच्याइतकी चीड आणणारी नोकरी दुसरी नसेल.

पण हे सगळे परवडले, असे त्याने पुढे केले. एके दिवशी अक्का अजून आली नव्हती. काका वाट बघत होते. तेवढ्यात गप्पांच्या खिडकीत 'अक्का' हे नाव आले. नावाच्या शेवटी एक बारीकसा ठिपका होता, तो काकांना दिसला नाही. त्या खोट्या अक्काने लिहिले, "पुरे झालं आता. तुला काही येत नाही आणि यायचंही नाही. मला कंटाळा आलाय तुझा."

काकांची पाळी चालू होती. माऊसचा बाण एका पानावर थांबलेला होता. पाळी संपेपर्यंत तो तसूभरही हलला नाही. मग ते निघून गेले.

त्यानंतर खरी अक्का रोज येऊन बसायची. पत्ते मांडायची आणि लिहायची, "ये रे. डाव मांडलाय." कुणी यायचे नाही. तिने केंद्रात फोन केला, तर काका फोनही घेईनात. शेवटी वहिनीने जुन्या गप्पा उलगडून पाहिल्या. तिला तो ठिपका दिसला. तिने शिवणयंत्रावरचा पाय काढला आणि अक्काला ते सगळे कळवले.

संध्याकाळी मालक आल्याबरोबर ती म्हणाली, "त्याचं नाव काढून उपयोग नाही. तो जिथून येतो ती वाटच बंद करा." मालकाने तुफानच्या इंटरनेटच्या जोडणीचा पत्ता शोधला आणि त्या पत्त्यावरून येणाऱ्या सगळ्यांना बंदी घातली. तुफान थांबला. वहिनीने सुटकेचा निःश्वास सोडला.

दुसऱ्या दिवशी अक्काचे लिखाण आले. वहिनीने शिवण बाजूला ठेवून ते वाचले.

"केंद्रातल्या सिस्टरनी त्याला कसंबसं समजावून फोनवर आणलं आणि संगणकापुढे बसवलं होतं. मी त्याच्याशी फोनवर बोलून घेतलं होतं की ते लिहिणारी मी नव्हे. आणि तुमच्या दारावर त्याला काय दिसलं? 'तुम्हाला येथे प्रवेश नाही.' आता तो माझ्यावर विश्वास कसा ठेवेल?"

तुफान आणि काका एकाच इमारतीतून, एकाच जोडणीवरून येत होते.

वहिनीने केंद्राचा नंबर अक्काकडून घेतला आणि थेट फोन लावला. फोन सिस्टरने उचलला. आधी ती वैतागलीच.

"अहो बाई, आम्ही पेशंट बघायचे की तुमचे खेळ?"

"पेशंटसाठीच फोन केलाय. तुमच्या बैठकीच्या खोलीत दुसऱ्या संगणकावर कोण बसतं, एवढं जाऊन बघा. मी फोन धरून थांबते."

सिस्टर गेली. काकांच्या शेजारच्याच खुर्चीत एक रंगारी बसत असे. परांची कोसळून त्याचे दोन्ही पाय मोडले होते. बंदी लागल्यापासून माझे दार उघडायची नवी शक्कल तो शोधत होता, तीच खटपट त्याच्या पडद्यावर सापडली. सिस्टरने फोन त्याच्या कानाला लावला.

"गंमत केली हो," तो म्हणाला. "संगणकच तर आहे. बिघडला तर पुन्हा चालू करा."

"संगणकाचं राहू दे. ते तुझ्या शेजारी बसले होते. तू लिहिलेलं वाचताना त्यांचा चेहरा तू पाहिलास ना?"

"मग? मी त्यांना हात लावला का?"

वहिनीने फोन ठेवला आणि हातातल्या कापडाचा बोळा करून भिंतीवर मारला. रंगाऱ्याचा संगणक बंद झाला, काही आठवड्यांनी त्याचे प्लास्टर सुटले, तो घरी गेला. माफी वगैरे त्याने कुणाचीच मागितली नाही. तशी ती मिळाली असती तर तुम्हाला ही गोष्ट जास्त आवडली असती, पण मी घडले तेच सांगतो आहे.

बंदी उठली, तरी काका यायला तयार नव्हते. पडद्यावरचा कुठलाही शब्द कुणीही लिहू शकतो, हे त्यांना आता पक्के कळले होते. तेव्हा अक्कानेच युक्ती काढली. सिस्टरने काकांना संगणकापुढे बसवले आणि फोन त्यांच्या कानाशी धरला. अक्का इकडे माझ्यावर लिहायची आणि लिहिता लिहिता तेच शब्द फोनवर मोठ्याने म्हणायची. आवाज आणि अक्षरे बरोबरीने पोहोचत होती.

"मी आहे रे. बघ, मी बोलतेय तेच दिसतंय ना? हे पान ओळख."

बराच वेळ काही नाही. मग 'च' आला. पुसला गेला. पुन्हा 'च'. वहिनी फोनवर डोळे लावून बसली होती. मालक कपड्यांवरचे ग्रीस न पुसताच तिच्यामागे येऊन उभा होता.

पानाचे नाव आलेच नाही. त्याऐवजी एकेक अक्षर करत भलतेच काही उमटले.

"ती तू नव्हतीस."

इतके दिवस त्यांना पानांची नावे येत होती. पूर्ण वाक्य त्यांनी आजारानंतर पहिल्यांदाच लिहिले होते. अक्काने ते फोनवर मोठ्याने वाचले, पुन्हा वाचले, आणि तिची पाळी तशीच संपली.

पण मित्रांनो, गेलेले सगळे परत आले नाही. मधल्या दिवसांत काका 'किलवर' विसरले होते, 'गुलाम' विसरले होते. त्यांना पुन्हा एक्क्यापासून सुरुवात करावी लागली. एका माणसाच्या गमतीने त्यांचे किती महिने खाल्ले, याचा हिशेब कोण देणार? मला आजही हे आठवले की राग येतो.

वहिनीने तर हात टेकले. "भावोजी, मला माणसं आवडतात," ती म्हणाली. "पण त्यांच्यामागे काठी घेऊन फिरायला मला आवडत नाही. उद्यापासून दुसरं कुणी बघा." मालकाने गप्पांच्या खिडकीत विचारले, राखणीला कोण बसेल? फुकटात शिव्या खायला कोण तयार होणार? तेवढ्यात काकांची अक्षरे सावकाश उमटू लागली.

"मी बसतो. बसमधे सवय."

आता तेच माझे राखणदार आहेत. केंद्रातून घरी आले आहेत. सकाळी अक्काबरोबर डाव होतो, मग दिवसभर त्यांची राखण. लांबलचक समजूत घालणे त्यांना जमत नाही. नवा कुणी धुडगूस घालू लागला की ते आधी त्याला थांबण्याची एक संधी देतात. बहुतेक जण थांबत नाहीत, हे माझे दुःख आहे.

म्हणून मित्रांनो, जी वस्तू सगळ्यांची असते ती वापरताना थोडे जपा. पलीकडे कोण बसले आहे, त्याच्यासाठी ती काय आहे, हे तुम्हाला दिसत नाही. पुसलेला पडदा मी पुन्हा मांडू शकतो. माणसाचे मन मला मांडता येत नाही. तुम्ही माझ्याकडे या, रांगेत उभे राहा, हवे तर गाईला सहावा पायही काढा. पण कुणाचा डाव मोडायला आला असाल, तर काका फार बोलणार नाहीत. गप्पांच्या खिडकीत त्यांचा एकच शब्द येईल, आणि तुम्ही बाहेर असाल.

"उतरा."