माझ्या पायाशी ओतलेला तांब्या

मी सेन्सर बोलतोय. नाव इंग्रजी असलं तरी मी साधाच आहे. दोन पोलादी दांड्या, एक वायर आणि वर पांढरी डबी. मातीत ओल किती, एवढंच मला कळतं. बाकी मी मुकाच.

मला माळावर पुरलं ते संयोगितानं. कोल्हापुरातल्या मंगळवार पेठेतली ही पोरगी कॉलेजची इंटर्नशिप करायला आलेली. कोल्हापूर म्हणजे पाणीच पाणी असं लोकांना वाटतं. पण हातकणंगल्याकडच्या या माळावर कुसळंसुद्धा मन मारून उगवतात. तिथं एका संस्थेनं बोर, कडुनिंब, आपटा लावला होता. चार उतार, चार सेन्सर. आमच्या आकड्यांवरून संयोगिता घरी बसून लॅपटॉपवर नकाशा रंगवायची. कोरडं ते तांबडं, ओलं ते निळं. टँकर एकच होता आणि तो तांबड्या उतारालाच जायचा.

माझ्या उताराची राखण धोंडुबाईंकडे होती. रोपं त्यांनीच हातानं लावलेली. निघताना संयोगिता त्यांना म्हणाली, "मावशी, याला जपा हं. सगळं याच्यावरच हाय."

"जपतो की! तू बिनघोर जा."

दुसऱ्या दिवसापासून बाई घरून पाण्याचा तांब्या आणू लागल्या. बांधावरच्या म्हसोबाला घालावं तसं माझ्या पायाशी पाणी घालायच्या, डबीला कुंकू लावायच्या आणि म्हणायच्या, "आमच्या झाडास्नी पाणी धाड रं बाबा." मला हसू आलं. इतका मान कुठल्या यंत्राला मिळतो! मी इमानानं कळवलं, ओल भरपूर. ते खोटं नव्हतं, पण वीतभर जागेपुरतंच खरं होतं.

नकाशात आमचा उतार निळाशार झाला. टँकर खालच्या रस्त्यानं सरळ पुढं गेला. बाई हात हलवत त्याच्यामागं पळाल्या, दमून परत आल्या आणि दुसऱ्या दिवसापासून दोन तांबे ओतू लागल्या. माझ्यापासून चार हातांवर बोराची पानं गळत होती. मला ओरडावंसं वाटत होतं, पण तोंड कुठं होतं!

मे सरताना संयोगिता आली. निळ्या उतारावर नुसत्या काटक्या उभ्या होत्या. मग तिला माझ्याभोवतीचा चिखल दिसला.

"मावशी, इथं पाणी घालत हुतासा?"

"व्हय की. एक दिस चुकवला न्हाय. तरी टँकर आला न्हाय बग."

संयोगिता खालीच बसली. रडत रडत तिनं सगळं सांगितलं. "तुमचं न्हाय मावशी, माझं चुकलं. मी नीट सांगितलंच न्हाय. एकदा येऊन बघितलंबी न्हाय."

बाई बोरीच्या काटकीपाशी गेल्या. मग हळूच म्हणाल्या, "म्हंजे त्यो तांब्या बोरीला घातला असता, तर ती तरी जगली असती?"

संयोगितानं मला मातीतून उपटून काढलं.

आता मी कॉलेजच्या कपाटात पडून आहे. डबीवरचं कुंकू संयोगितानं कुणाला पुसू दिलेलं नाही. मला फार वाईट वाटतं हो. पुन्हा कुठं मला पुराल, तेव्हा तिथल्या राखणदार बाईला आधी जवळ बसवून सांगा, हा देव नाही. याला तहान लागत नाही.