लाल खुंटी

मित्रांनो, मी एक जुनी फळी आहे. फळी म्हटल्यावर लगेच नाक मुरडू नका. ज्या टॅक्सी स्टँडच्या पत्र्याखाली मी सव्वीस वर्षे टांगलेली आहे, तिथे एके काळी माझ्या शब्दाबाहेर एकही गाडी हलत नसे. इथले चालक एकमेकांशी भांडत, गिऱ्हाइकांशी भांडत, घरी जाऊन बायकोशीही भांडत असतील, पण माझ्याशी वाद घालायची कुणाची छाती झाली नाही.

स्टँडवरच्या सर्वांत थोरल्या चालकाला सगळे काका म्हणतात. टॅक्सी चालवण्याआधी काका सुतार होते. मोडीत निघालेल्या एका दारातून त्यांनी मला कापून काढले, रंधा मारून गुळगुळीत केले आणि माझ्या अंगात चौदा खुंट्या एका ओळीत बसवल्या. प्रत्येक चालकाला त्याच्या नंबराचा एक लाकडी बिल्ला दिला. गाडी स्टँडवर लागली की आपला बिल्ला शेवटच्या रिकाम्या खुंटीवर अडकवायचा. पहिल्या खुंटीवर ज्याचा बिल्ला, पहिले भाडे त्याचे. तो गेला की बाकीचे बिल्ले एकेक खुंटी पुढे सरकतात. यात न समजण्यासारखे काही नाही, तरी पहिल्या महिन्यात दोघांनी समजले नसल्याचे सोंग केलेच.

लाल खुंटी नंतर आली. ती का आली हे सांगताना काका अजूनही खजील होतात. एकदा दोन तास ताटकळल्यावर त्यांचा पहिला नंबर लागला होता. तेवढ्यात पायाला प्लॅस्टर घातलेला एक माणूस आला. त्याला चढावरच्या रुग्णालयात जायचे होते, गाडीने जेमतेम पाच मिनिटे.

"एवढ्याशा अंतरासाठी मी माझा नंबर घालवू का?" असे म्हणून काकांनी तोंड फिरवले. मागच्यांनीही हात वर केले. तो माणूस कुबड्या टेकत भर उन्हात चढ चढू लागला आणि काका नुसते बघत राहिले. त्या दिवशी त्यांना जेवण गेले नाही.

दुसऱ्या दिवशी ते हातोडी घेऊनच आले. माझ्या माथ्यावर, ओळीच्या वर, त्यांनी आणखी एक खुंटी ठोकली आणि तिला लाल रंग दिला. नियम असा ठरला की नदीवरच्या पुलाच्या अलीकडचे, म्हणजे जवळचे भाडे मिळाले तर जाताना आपला बिल्ला या लाल खुंटीवर लावायचा. परत आल्यावर पुन्हा पहिला नंबर त्याचाच. त्यामुळे जवळच्या माणसाला नेले म्हणून कुणाचा नंबर बुडायचा नाही. त्या दिवसापासून रुग्णालयाच्या भाड्याला इथे कुणी नाही म्हटले नाही. मला अभिमान वाटतो तो याचाच, आणि तो मी लपवणारही नाही.

या लाल खुंटीचा सर्वांत जास्त उपयोग झाला तो मास्तरीणबाईंना. समोरच्या गल्लीत त्या सुनेबरोबर राहतात. अर्ध्या वस्तीला पाढे शिकवून त्या निवृत्त झाल्या आणि थोड्याच वर्षांत त्यांच्या मूत्रपिंडांनी दगा दिला. आठवड्यातून तीनदा, सकाळी साडेसातला त्यांना डायलिसिसच्या यंत्राला जोडावे लागते. उशीर झाला तरी यंत्र ठरल्या वेळेला पुढच्या रुग्णासाठी सोडावे लागते, म्हणजे बाईंचे तास कापले जातात. मग पाय सुजतात आणि धाप लागते.

त्यांना बहुतेक वेळा नेई तो नऊ नंबरचा चालक. त्याला सगळे शिट्टी म्हणत, कारण तोंड मोकळे असले की तो शिट्टीच वाजवी. तो दार उघडून धरी आणि म्हणे, "बसा मास्तरीणबाई. आज सूर कसा वाटतो तेवढं सांगा."

"कालच्यापेक्षा बरा आहे. पण गृहपाठ कमी पडतोय," बाई म्हणत. नऊ नंबर लाल खुंटीवर चढे आणि दहा-बारा मिनिटांत उतरे. सात वर्षे हे असे चालले.

मग मोबाइलवरची गाडी आली. मी तिला नावे ठेवणार नाही, मित्रांनो. दाराशी गाडी येते, चालक कोण ते आधी कळते, भाडे आधीच ठरते, एकट्या मुलीच्या घरच्यांना गाडी कुठे पोचली ते दिसते. आमच्यातले काहीजण पत्त्यांचा डाव रंगला की गिऱ्हाइकाला उभे ठेवत, तेही मी याच भिंतीवरून पाहिले आहे. तेव्हा लोक तिकडे वळले यात त्यांचे काही चुकले नाही. लोक वळले म्हणून चालकही वळले. चौदातले अकरा गेले. शिट्टीही गेला. जाताना त्याने बिल्ला काकांच्या हातात दिला आणि काढता पाय घेतला. काकांनी ते अकरा बिल्ले एका तारेत ओवले आणि माझ्या पाठीमागच्या खिळ्याला अडकवून ठेवले.

गेलेले फार लांब गेले नाहीत. रस्त्याच्या पलीकडे एक मोठे झाड आहे, त्याच्या सावलीत त्यांच्या गाड्या उभ्या राहू लागल्या. आत प्रत्येकजण मान खाली घालून मोबाइलमध्ये पाहत असे. इकडे तीन गाड्या उरल्या आणि सकाळी सातला स्टँड बऱ्याचदा रिकामा असे. मास्तरीणबाईंच्या सुनेने मग तिच्या मोबाइलवरून गाडी बोलवायला सुरुवात केली. कधी पटकन मिळे, कधी दोघे-तिघे नाकारत.

एका बुधवारी आमच्या तिन्ही गाड्या भाड्यावर गेल्या होत्या. सासू-सुना येऊन माझ्याखालच्या बाकावर बसल्या. सात वाजून दहा मिनिटे झाली होती. पहिल्या चालकाने होकार दिला आणि अंतर पाहून भाडे रद्द केले. दुसऱ्याने तेच केले. तिसऱ्याने होकार दिला तेव्हा सुनेचा जीव भांड्यात पडला, पण दोन मिनिटांत त्यानेही रद्द केले.

"आई, हाही नको म्हणाला," ती रडवेली होऊन म्हणाली आणि तिने गाडीचा नंबर वाचून दाखवला.

बाईंनी तो पुन्हा वाचायला लावला. मग त्यांनी रस्त्यापलीकडे पाहिले. मीही पाहिले. झाडाखाली पहिलीच गाडी शिट्टीची होती. आमच्यात चाळीस पावलांचेही अंतर नव्हते. तो मान खाली घालून बोट फिरवत होता.

"थांबा, मी जाऊन विचारतेच त्याला," सून उठली.

"बस गं," बाई म्हणाल्या. "त्याला लांबचं भाडं हवं असेल. त्याचाही संसार आहे."

मित्रांनो, त्या क्षणी मला आवाज नसल्याचे फार वाईट वाटले. इतकी वर्षे ज्याचा बिल्ला मी अंगावर मिरवला, तो समोर होता आणि त्याला हाक मारणे मला जमत नव्हते. शिट्टीला दुसरे भाडे लागले आणि तो निघून गेला. आठ वाजता काका परतले आणि बाईंना घेऊन गेले. त्या दिवशी त्यांना चारऐवजी जेमतेम तीन तास मिळाले. गुरुवारी त्यांच्या पायात चप्पल शिरत नव्हती.

हे काकांना सुनेने सांगितले. त्याच दुपारी त्यांनी रस्ता ओलांडला आणि शिट्टीला स्टँडवर घेऊन आले. सगळे ऐकल्यावर त्याचा चेहरा पांढराफटक पडला.

"काका, मला नुसतं सुनेचं नाव दिसलं, ते मला ठाऊक नव्हतं. अंतर दिसलं. माणूस कुठं दिसतं त्यात?"

"मान वर केली असतीस तर दिसलं असतं. समोरच बसल्या होत्या."

"मला ओळखलं का त्यांनी?"

"गाडीचा नंबर ऐकल्याबरोबर. तुझीच बाजू घेतली वर."

शिट्टी बाकावर बसला. मग त्याने हळूच विचारले, "माझा बिल्ला टाकून दिला असेल ना?"

"फळीच्या मागे हात घाल," काका म्हणाले.

दोन वर्षे माझ्या पाठीला टेकून राहिलेला नऊ नंबर त्याच्या हातात आला. त्याने तो शर्टाला पुसला.

शनिवारी पावणेसातलाच त्याची गाडी स्टँडवर लागली. मोबाइल त्याने बंद करून खणात ठेवला होता. बाई गल्लीतून आल्या. त्याने दार उघडले, पण त्याला सुराबद्दल विचारवेना.

"शिट्टी विसरलास वाटतं," बाई म्हणाल्या.

"मास्तरीणबाई, माझं चुकलं."

"चुकलं ते खोडायचं आणि खाली बरोबर लिहायचं. चल, साडेसात वाजतील."

त्याने वर पाहिले आणि नऊ नंबर लाल खुंटीवर लावला.

आता शिट्टी मोबाइलवरचीही भाडी घेतो आणि माझीही. सोमवार, बुधवार आणि शनिवारची सकाळ मात्र माझी. त्याचे पाहून झाडाखालचे आणखी चौघे बिल्ला मागायला आले. त्यातले दोघे अगदी नवे होते, त्यांचे बिल्ले घडवायला काकांनी पुन्हा रंधा काढला. माझ्या लाल खुंटीचा रंग उडाला होता, तर सुनेने पर्समधून नखांना लावायचा लाल रंग काढून तिथल्या तिथे दोन हात दिले. या वयात असा थाट झाला म्हटल्यावर मी थोडी मिरवणारच.

मित्रांनो, मोबाइलने गाडी बोलवा, नाहीतर हात दाखवून बोलवा, माझी काही हरकत नाही. तुम्ही मोठे होऊन अशी यंत्रे घडवाल तेव्हा त्यांत एक लाल खुंटी तेवढी ठेवा, म्हणजे जवळच्या माणसाला नेणाऱ्याचे नुकसान होणार नाही. आणि माझ्यासारखी एखादी जुनी फळी दिसली तर ती सरपणात घालण्याआधी तिच्या पाठीमागे एकदा हात घालून बघा. काकांनी मला उंचावर टांगले ते गुरांनी शिंगे घासू नयेत म्हणून. पण त्यामुळे माझ्याकडे पाहायचे तर मान वर करावी लागते, आणि मान वर केली की समोरच्या बाकावर कोण बसले आहे ते आपोआप दिसते.