अस्वलामागचे सात शिपाई

कपाटात सात पुरुष ठेवून संसार करणारी बाई आमच्या खोऱ्यात मी एकटीच. श्चेपानला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, सगळं ठाऊक होतं. त्याची तक्रार एवढीच, की त्या सातांना डांबराच्या गोळ्यांचा वास येतो.

पुरुष म्हणजे नुसते गणवेश हो. पण गणवेश कसले! पहिल्या महायुद्धात आमच्या मोरावियातल्या पोरांना ऑस्ट्रियाच्या बादशहासाठी मरायला पाठवलं, तेव्हा त्यातली कितीतरी पलीकडे गेली आणि आपणहून बादशहाच्या विरुद्ध लढली. कुणी रशियात, कुणी फ्रान्समध्ये, कुणी इटलीत. कशासाठी, तर आपला देश हवा. तो मिळालाही. शाळेत त्यांचे फोटो लागले. मग अठ्ठेचाळीस साली कम्युनिस्टांचं नवं सरकार आलं. रशियातली आमची पोरं लाल सैन्याशीही भिडली होती, ते या सरकारला कुठून खपायला? फोटो उतरले. म्हातारे गप्प बसले. आणि बायका घाबरून गणवेश उचलून माझ्याकडे यायला लागल्या, कारण मी शिंपीण.

"अपोलेना, याला काळा रंग दे आणि पोरीला कोट शिवून दे."

मी म्हणायची, "हो." पोरीला कोट मिळायचा, पण तो सहकारी शिवणघरातल्या सरकारी कापडाचा. गणवेश कपाटात. असे सात जमले. फ्रान्सचे दोन, अगदी आभाळी निळे. ते माळ्यावर वाळत घातले की चिमण्या आत शिरून त्यांच्यावर आपटायच्या. हसू नका, एक तर मी स्वतः उचलून पाणी पाजलंय. इटलीचे दोन, पीस खोवलेल्या टोपीसकट. पाऊस यायचा असला की पीस ताठ व्हायचं. शेती मंडळ रेडिओपेक्षा माझ्या टोपीला जास्त विचारायचं. आणि रशियाचे तीन. त्यातला एक लांब कोट मेतोद काकांचा. डाव्या बाहीवर ढालीच्या आकाराची कापडी खूण. त्या कोटातल्या उवा चार भाषा बोलायच्या असं काका सांगायचे, आणि मला त्याबद्दल कधी शंका आली नाही.

मेतोद काका त्या शिपायांपैकी गावात उरलेले शेवटचे. चौऱ्याऐंशी वर्षांचे. त्यांच्या सुनेने भीतीने तो कोट चुलीत घालायला काढला होता, तो मी अर्ध्या वाटेवरून आणला. काका महिन्यातून एकदा यायचे, कपाट उघडायला लावायचे, बाहीवरून हात फिरवायचे आणि जायचे.

चौऱ्याहत्तर साली कुणीतरी चुगली केली. फाशांकच्या मंगळवारी सकाळी पंचायत अध्यक्षांची बायको धापा टाकत माझ्या दारात. फाशांक म्हणजे उपासाच्या आधीचा आमचा शेवटचा धुडगूस: सोंगं, नाच, डुकराची चरबी आणि आलूबुखारची दारू.

"अगं, जिल्ह्याहून तो अधिकारी झापलेटल येतोय. तुझं कपाट न्यायला! मागे पलीकडच्या गावातले दोन गणवेश नेले ना, ते बॉयलरमध्ये टाकले म्हणे."

"आणि तुझा नवरा काय करतोय?"

"तो पलंगावर. म्हणतो, गाऊट झालाय."

"कधीपासून?"

"मी सांगितल्यापासून."

मी विचार करत बसले नाही. श्चेपान तेव्हा अंगाला वाटाण्याचा पेंढा बांधून घेत होता. दरवर्षी अस्वल तोच व्हायचा, आणि खरं सांगायचं तर फारसं सोंग करावं लागायचं नाही. त्याला म्हटलं, "पळ. सोंगं जमलीयत तिथून सहा धट्टेकट्टे आण. आणि मेतोद काकांना आण."

"काकांना कशाला? म्हातारा थंडीत मरेल."

"सैबेरियात नाही मेला. आण."

झापलेटल नऊ वाजता आला. कातडी बॅग, बॅगेत रिकामे तक्ते आणि जिल्ह्याचा शिक्का. कपाट उघडलं, तर आत माझे तीन परकर.

"कॉम्रेड अपोलेना, गणवेश कुठायत?"

"कसले, कॉम्रेड?"

"देशद्रोह्यांचे."

"ते इथं राहत नाहीत. तुम्ही चुकीच्या घरी आलात."

तळघर पाहिलं, गवताचा माळा पाहिला, डुकराच्या खुराड्यात डोकं घातलं. डुक्कर बिचारं घाबरलं. तेवढ्यात दारात बाजा आला आणि वीसेक सोंगं: अस्वल, नवरी झालेला लोहार, कसाई, आणि शेवटी लाकडी तलवारी घेतलेले सात जण. अंगात उलटी मेंढकातडी, लोकर बाहेर, तोंडाला काजळी. फक्त सातव्याच्या तोंडाला काजळी नव्हती.

आमच्याकडे रीत अशी, की सोंगांनी गावातल्या सगळ्यात मोठ्या अधिकाऱ्याकडून दिवसभराची परवानगी घ्यायची. ती मिळेपर्यंत उंबऱ्यात गात राहायचं. थांबायचं नाही. एकदा अध्यक्ष पेरव शहराला गेले होते, तर आमची माणसं दोन दिवस दोन रात्री गात उभी होती, आणि अध्यक्ष परतले तेव्हा बाजातल्या ढोलाला दाढी आली होती.

"अध्यक्ष आजारी आहेत, कॉम्रेड," मी म्हटलं. "आता इथं सगळ्यात मोठे तुम्हीच."

"मला वेळ नाही!"

"मग गाऊ देत त्यांना. आवाज छान आहेत."

आवाज भयानक होते. श्चेपान तर मुद्दाम त्याच्या कानात डुरकत होता. पाव तासाने झापलेटलने बॅग उघडली. "काय लिहायचंय? द्या इकडे!"

मी कागद पुढे केला. सकाळीच लिहिला होता, सुबक अक्षरात. अस्वल एक, नवरी एक, कसाई एक, सात शिपाई, त्यांचे कोट, टोप्या, पट्टे. हे सर्व पोशाख गावाच्या लोकनृत्य मंडळाच्या मालकीचे असून ते घालून गावभर फिरण्यास परवानगी आहे. सरकारला लोकनृत्याचं भारी कौतुक. त्या मंडळाला दर वर्षी जिल्ह्याची ढाल मिळायची. त्याने वरची ओळ वाचली, सही ठोकली, शिक्का मारला. गाणं थांबलं.

मग मोकळं वाटून तो सातव्याकडे वळला. "हा मुखवटा मात्र झकास केलाय. सुरकुत्या अगदी खऱ्यासारख्या."

"खऱ्याच आहेत," मेतोद काका म्हणाले, आणि मेंढकातडी खाली टाकली.

आत तो लांब कोट. बाहीवर ढाल. सगळी बटणं लावलेली. मागोमाग बाकीच्या सहाही कातड्या पडल्या: आभाळी निळे, पिसाच्या टोप्या, सगळे. सव्वीस वर्षांत गावाने हे रंग उघड्यावर पाहिले नव्हते.

झापलेटल पांढरा पडला, मग लाल. "उतरवा! आत्ताच्या आत्ता!"

"आज नाही उतरवता येत," मी म्हटलं. "फाशांकला सोंग कुणाचंही जबरदस्तीने काढत नाहीत. तुम्ही परवानगी दिलीत."

"ती मी रद्द करतो! तो कागद दे."

कागद माझ्या चोळीच्या आत गेला होता. म्हटलं, "घ्या हात घालून. वीस साक्षीदार आहेत."

"उद्या पोलीस घेऊन येतो."

"या ना. मग मी जिल्ह्याला कागद दाखवते. त्या लोकांना गावातून मिरवायची परवानगी अठ्ठेचाळीसनंतर पहिल्यांदा कुणी दिली? कॉम्रेड झापलेटलने. सहीसकट. त्यांचे पोशाख सरकारी मंडळाच्या मालकीचे कुणी केले? कॉम्रेड झापलेटलने. शिक्क्यासकट. बॉयलर मोठा आहे म्हणे. त्यात तुमची खुर्चीही मावेल."

काका झापलेटलच्या अगदी समोर गेले. उंचीला त्याच्या खांद्याएवढे.

"पोरा," ते म्हणाले, "मला कुणी ओढून नव्हतं नेलं. भरतीवाल्यांनी नाव विचारण्याआधीच मी ते सांगितलं होतं. या कोटात मी अर्धी पृथ्वी चाललो. आणि सव्वीस वर्षं माझ्या स्वतःच्या गल्लीत हा घालून चालता आलं नाही. आज चालणार. गोळी घालायची तर पाठीत घाल. मी वळून बघणार नाही."

आणि ते निघाले. त्यांची काठी माझ्या भिंतीला टेकून तशीच राहिली. पाठीमागे सहा जण, पाय जुळवून. अस्वलही जुळवायला लागलं, त्याला जमत नव्हतं तरी.

गल्लीच्या दोन्ही बाजूंना माणसं बाहेर आली होती. हातात तळलेले जॅमचे गोळे, ते कुणी खाईना. पहिल्यांदा दळणवाल्याने टोपी काढली. मग समोरच्याने. मग ती ओळ पुढे पुढे गेली, काका पोहोचायच्या आधी टोप्या खाली यायच्या. एका दारात मेतोद काकांची सून उभी होती. ती रडत होती आणि ओरडत होती, "मफलर तरी घ्या, मामंजी!"

"कवायतीत मफलर नसतो!" काका न थांबता म्हणाले.

झापलेटल गाडीकडे जायला म्हणून आमच्या मागे आला होता, पण गाडी चौकात होती आणि चौकात सगळं गाव. तो मधोमध अडकला. अख्ख्या चौकात टोपी घातलेला तो एकटाच. काका त्याच्यासमोरून गेले, मान ताठ. सगळे त्याच्याकडे बघत होते. त्याचा हात हलला नाही.

तेव्हा अस्वल रांगेतून बाहेर आलं, त्याच्या डोक्यावरची टोपी दोन पंज्यांनी अलगद काढली, त्याच्या छातीशी धरून दिली, आणि परत रांगेत जाऊन पाय चुकवायला लागलं.