बुधवारपुरती जमीन

मी एक जुनी चटई आहे, मित्रांनो, आणि सध्या माझं डोकं फार तापलेलं आहे. चटईला कुठलं आलंय डोकं, असं म्हणाल. खुशाल म्हणा, पण आधी ऐकून घ्या.

मला पारेहुइया आजीने विणलं, इथेच न्यूझीलंडमधल्या रोटोरुआत. हाराकेके नावाच्या झुडपाची लांब पाती कापताना ती नातींना दटावायची, "मधला कोंब म्हणजे बाळ, त्याच्या दोन्ही बाजूंची पाती म्हणजे आईबाप. त्यांना हात लावाल तर याद राखा. बाहेरची घ्या." झुडपाच्या बाळाचीसुद्धा आमच्याकडे एवढी काळजी. कितीतरी वर्षं मी गावाच्या सभागृहात होते. लग्नं पाहिली, मयती पाहिल्या, आणि बूट घालून कुणी माझ्यावर पाय ठेवला नाही. मग नव्या चटया आल्या आणि मी कपाटामागे धूळ खात पडले.

एके दिवशी आजीने मला रिपेकाच्या गाडीत टाकलं. रिपेका दर बुधवारी खेळणी घेऊन घर नसलेल्या कुटुंबांकडे जाते. मुलांना खेळवते, आयांना घर मिळवण्याच्या खटपटीत मदत करते. ही कुटुंबं राहतात कुठे, तर मोटेलात, सरकारने तात्पुरती म्हणून दिलेल्या एकेका खोलीत. तात्पुरती म्हणे! त्यातल्याच एका आईची, अनाहेराची मुलगी कोफाई जन्मली आणि दवाखान्यातून थेट तसल्या खोलीत आली, आणि तिला दातही तिथेच आले.

खोलीत दोन पलंग, बॅगा, पिशव्या आणि ओलीने कुबट झालेला गालिचा. बाळाला खाली ठेवणार कुठे? कोफाई सारा दिवस पलंगावर, उशांच्या मधोमध. तिच्या वयाची मुलं घरभर रांगतात, ही नुसती बसून राहायची. रिपेकाच्या गाडीपाशी आलेल्या नर्सने अनाहेरालाच सुनावलं, "बाळाला जमिनीवर खेळवत नाही का तुम्ही?" अनाहेरा खाली मान घालून गप्प राहिली. माझ्या मात्र अंगाचा तिळपापड झाला. अहो, आधी जमीन कुठे आहे ते तरी विचारा.

म्हणून मोटेलच्या आवारात, गाड्या लावतात तिथल्या एका कोपऱ्यात, रिपेका मला अंथरायची. इथली जमीन खालच्या गरम झऱ्यांनी आतून तापलेली, त्यामुळे थंडीतही खालून ऊब लागते. कोफाई माझ्यावर पालथी पडायची, माझ्या विणीत बोटं घालायची, ढुंगण वर उचलायची आणि धपकन खाली बसायची.

"जमेल गं बाळा, जमेल," रिपेका म्हणायची.

मग एका बुधवारी मोटेलचा मॅनेजर कॉलिन आला. आला तो चिखलाच्या बुटांसकट थेट माझ्यावर.

"बाई, हे दुकान उचला. पर्यटकांसमोर बरं दिसत नाही. पुढच्या आठवड्यापासून बंद."

"बोलू की साहेब," रिपेका म्हणाली. "आधी बूट काढा."

"माझ्याच आवारात मी बूट काढू?"

"आवार तुमचं, चटई नाही," अनाहेरा म्हणाली. नर्ससमोर गप्प राहिलेली हीच ती. "माझ्या पोरीला याशिवाय जमीन नाही. तुमच्या त्या खोलीत तिला खाली ठेवून दाखवा मला."

कॉलिन काही बोलणार, तेवढ्यात कोफाई हलली. आधी एक हात, मग गुडघा, मग दुसरा हात. निघाली की पोरगी! सरळ कॉलिनपाशी गेली आणि त्याच्या बुटाची नाडी धरून ओढायला लागली.

अनाहेरा तोंडावर हात ठेवून रडत होती.

"काढा आता साहेब," रिपेका म्हणाली, "नाहीतर तीच काढेल."

कॉलिनने बूट काढले. त्याच्या मोज्याला अंगठ्यापाशी भोक होतं. "बरं, येत जा," असं पुटपुटून तो बूट हातात घेऊन चालता झाला.

तुम्हाला वाटेल, चला, झालं सगळं गोड. कसलं गोड? दुपारी रिपेकाने मला गुंडाळलं, कारण तिला पुढच्या मोटेलात जायचं होतं. तिथेही अशीच बाळं आहेत. अनाहेराने कोफाईला उचललं आणि खोलीत नेऊन पलंगावर ठेवलं. आता उशा जास्त लागतात, कारण ती रांगते.

मित्रांनो, आम्ही जुन्या वस्तू आमची कहाणी संपवताना म्हणतो, आम्हाला जपा. मी तसलं काही म्हणणार नाही. माझ्या कडा उसवल्या तर उसवू देत. कोफाईला मात्र अशी जमीन द्या, जी दुपारी कुणाला गुंडाळून नेता येणार नाही.