एकेचाळिसावी कपची

एकेचाळिसावी कपची तिने चिमटीत धरली, गोट्याच्या कुशीला टेकवली आणि श्वास रोखून अंगठ्याने हलकेच दाबली. कट् असा बारीक आवाज झाला. कपची अशी चपखल बसली, की दोन दगडांमधली रेघ डोळे बारीक करून शोधावी लागली.

"बसली का?" टेबलाच्या पलीकडून बाबांनी विचारलं.

"बसली. तीन आठवडे हिने नाकी नऊ आणले होते."

"आम्ही जन्मभर दगड फोडला. तू फोडलेला जोडत बसतेस," बाबा म्हणाले. "एकाच घरात दोन्ही तऱ्हा."

संग्रहालयाच्या तळघरातल्या या खोलीत तिला सगळे डिंक म्हणत. फुटकं काहीही तिच्यापुढे ठेवावं, ती ते चिकटवून दाखवी, म्हणून हे नाव. या वेळचं फुटकं मात्र जरा जुनं होतं. दहा-बारा हजार वर्षांपूर्वी एका नदीच्या वळणावर दोन माणसं गुडघ्याला गुडघा लावून बसली आणि त्यांनी एक गोटा फोडला. कसलंसं हत्यार घडवलं, ते घेऊन उठून गेली. मागे राहिला तो कचरा. उत्खननात तो जसा पडला होता तसा उचलून ट्रेमध्ये भरून आणला होता, आणि गेले चार महिने डिंक एकेक कपची जागेवर बसवत होती. कपच्या जोडत गेलं की गोटा पुन्हा उभा राहतो. फक्त मधोमध एक पोकळी उरते. जी वस्तू निघून गेली तिच्या आकाराची. या पोकळीपायी तिची झोप उडाली होती. काय केलं असेल त्यांनी? आणि कुणी नेलं?

बारीक तुकडे सोडले, तर मोठ्या कपच्या दोन जातीच्या होत्या. काही लांब, पातळ, सफाईदार. बाकीच्या आखूड, अर्ध्यातच मोडलेल्या, पायरीसारख्या कडा असलेल्या. विभागप्रमुखांचं, म्हणजे सरांचं, मत पहिल्या दिवशीच ठरलं होतं. सफाईदार त्या गुरूच्या, ओबडधोबड त्या शिकाऊ पोराच्या. नव्या दालनातली पाटीसुद्धा त्यांनी लिहून टाकली होती, 'एक अतिप्राचीन शाळा'. पाटी उद्या छापायला जाणार होती. डिंकला त्यात काही खटकत नव्हतं. तिला पोकळीत रस होता, पाटीत नव्हता.

बाबांना तिने आज मुद्दाम सोबत आणलं होतं. घरात त्यांचं बसणं तिला बघवत नव्हतं.

पाटे, जाती, खल घडवण्यात बाबांची पन्नास वर्षं गेली. गावभर त्यांचे खल, आणि स्वतःच्या घरात मात्र टवके उडालेला. "पाथरवटाची बायको मी, आणि लसूण ठेचते पेल्याच्या बुडाने," हे आई येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची. हे ऐकून ऐकून बाबांनी या वर्षी काळ्या दगडाचा एक छान तुकडा मिळवला आणि मागच्या दारी काम मांडलं. पण हात आता पूर्वीचे राहिले नव्हते. चहाचा कप उचलला तरी बशी वाजायची. महिनाभरात खलाला आकार आला नाही, डाव्या अंगठ्याचं नख मात्र काळंनिळं झालं. दादा फोनवर म्हणाला, "हातोडी काढून घे त्यांच्याकडून. डोळ्यात कपची गेली म्हणजे?" तिकडे लांब बसून उंटावरून शेळ्या हाकायला त्याचं काय जात होतं. पण बोलणं खरं होतं. परवा सकाळी बाबा अंघोळीला गेले असताना तिने हातोडी उचलली आणि पर्समध्ये टाकली.

बाबांनी हातोडी शोधली नाही. कुणाला विचारलंही नाही. दगडासमोर स्टूल टाकून ते नुसते बसून राहिले. आरडाओरडा केला असता तर तिला सोपं गेलं असतं.

"बघू," बाबा आता म्हणाले आणि त्यांनी हात पुढे केला.

तिने गोटा दिला, पण त्याआधी खाली वाळूचा ट्रे सरकवला. बाबांनी ट्रेकडे पाहिलं, मग तिच्याकडे. गोटा त्यांनी हातात घेतलाच नाही. वाळूत टेकवून ठेवला आणि एकाच बोटाच्या नखाने कडा चाचपू लागले.

"मधलं कुठे गेलं?"

"घेऊन गेले."

"कोण?"

"तेच तर कळत नाही ना."

"हं." नख एका पायरीपाशी थांबलं. "ही कुणाची म्हणालात तुम्ही लोक?"

"शिकाऊ मुलाची. घाव जमलेला नाही, बघा. सगळ्या अर्ध्यात मोडल्यात."

बाबा हसले. "तुझ्या सरांनी कधी पोराला दगड फोडताना बघितलंय का? पोर जोर लावतं. पी हळद आणि हो गोरी, असं असतं त्याचं. दाणकन हाणतं आणि भलत्याच ठिकाणी हाणतं. ह्याची जागा बघ. एकदाही चुकलेली नाही. मी असतो तर तिथेच मारलं असतं." ते थांबले. "जोर पोचलेला नाही, एवढंच."

तिने मान वाकवून पाहिलं. या कपच्या तिने कितीदा हाताळल्या होत्या, मोजल्या होत्या, त्यांची चित्रं काढली होती. घाव कमी पडला हे तिला दिसलं होतं. जागा बरोबर होती, हे कधी पाहिलंच नव्हतं.

"भिंग आहे का?" बाबांनी विचारलं.

तिने वळून ड्रॉवर ओढला, आणि ओढल्यावर आठवलं. भिंगाच्या शेजारीच हातोडी पडली होती. मुठीला सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळलेली, जगात दुसरी तशी नसेल. बाबांची नजर हातोडीवर गेली आणि तिथेच राहिली. मग त्यांनी वाकून स्वतःच भिंग उचललं, आणि ड्रॉवर पुढे ढकलून बंद केला.

"बाबा, मी..."

"उजेड इकडे कर जरा."

तिने दिवा वळवला.

"हे ठिपके कसले?" बाबांनी विचारलं.

सफाईदार कपच्या जिथून उडाल्या होत्या तिथे, काठावर, बारीक बारीक गोल खुणा होत्या. तीळभर. "ते नदीचं काम," ती म्हणाली. "गोटा वाहत येताना आपटतो, तेव्हाचे."

"नदीला एवढी अक्कल नसते. नीट बघ. प्रत्येक चांगल्या घावाच्या बाजूला एक ठिपका. घाव आणि ठिपका यांत गव्हाच्या दाण्याएवढं अंतर. मोज."

तिने मोजलं. नऊ सफाईदार कपच्या, नऊ ठिपके. एकही ठिपका अधिक नाही की उणा नाही. मग तिने कपच्यांचा क्रम लावलेला कागद पुढे ओढला. सर्वांत आधी आखूड कपच्या उडाल्या होत्या, ओळीने सात. त्यानंतर आखूड एकही नाही. त्यानंतर फक्त ठिपका आणि लांब कपची, ठिपका आणि लांब कपची.

तिने कागदावरच्या सात आखूड कपच्यांवरून बोट फिरवलं.

"आधी त्याने स्वतः करून पाहिलं," ती सावकाश म्हणाली. "सात वेळा."

"हं."

"मग नुसतं शेजारी टोकून जागा दाखवायला लागला. आणि दुसऱ्याने मारलं."

"म्हातारा आहे तो," बाबा म्हणाले.

कशावरून, असं तिने विचारलं नाही. बाबांनी भिंग खाली ठेवलं. ते ट्रेच्या कडेवर टकटक वाजलं, तेव्हा त्यांनी हात खिशात घातला.

"आणि ती मधली वस्तू?" थोड्या वेळाने तिने विचारलं. "ती कुणी नेली असेल?"

"म्हाताऱ्यानेच. काम त्याचं होतं."

सरांना तिने तिथूनच फोन केला. पाटी थांबवा म्हणाली. "अहो डिंक, छपाईवाला आधीच उशीर करतोय," ते कुरकुरले, "आणि शाळा नाही तर काय लिहायचं?" ते अजून मलाही नीट माहीत नाही, पण शिकाऊ मुलगा नक्की नाही, असं ती म्हणाली. सोनारानेच कान टोचलेत, सर. सोमवारपर्यंतची मुदत मिळाली.

निघताना तिने हातोडी ड्रॉवरमधून काढून पर्समध्ये टाकली. रिक्षात पर्स मांडीवर जड लागत होती.

पोचल्यावर बाबा मागच्या दारी स्टुलावर जाऊन बसले. उन्हं अजून भिंतीवर होती. स्वयंपाकघरात आईच्या पेल्याचा ठकठक आवाज चालू होता. डिंकने पर्स उघडली, हातोडी काढली आणि बाबांसमोर धरली.

"चुकलं माझं," ती म्हणाली.

बाबांनी हातोडीकडे पाहिलं, पण घेतली नाही. पोत्याखालून त्यांनी छिन्नी काढली. पायाजवळचा एक खडा उचलला. छिन्नी दगडाला लावून खड्याने छिन्नीच्याच डोक्यावर टुकटुक केलं. छिन्नी काढली तेव्हा काळ्या दगडावर पांढरा ठिपका उमटला होता. तीळभर. मग छिन्नी डिंकच्या हातात देऊन ते म्हणाले, "तिरपी धर. मनगट सैल सोड."

ती पोत्यावर मांडी घालून बसली, त्यांच्या गुडघ्याला गुडघा लागेल इतकी जवळ. पहिला घाव घसरला. दुसऱ्याला एक पातळ कपची सुटून उडाली आणि जवळच्या एका झुडपात जाऊन पडली. बाबांनी पुढचा ठिपका दिला. तिने मारलं. पुढचा दिला. घाव एकसारखे पडू लागले, आणि त्यांचा आवाज भिंतीवरून परत येऊ लागला.

आत पेल्याची ठकठक थांबली.

"अहो," आईने आतूनच विचारलं, "हात बरा झाला वाटतं तुमचा?"

डिंकचा हात हवेतच राहिला. तिने बाबांकडे पाहिलं. बाबा दगडाकडे बघत होते.

"झाला," त्यांनी आत ऐकू जाईल असं सांगितलं, आणि दाणाभर पुढे एक ठिपका दिला.