सदतीस लाकडी माणसं

वडील गेल्यावर तिसऱ्या आठवड्यात संग्रहालयाच्या बाई शिल्पं न्यायला आल्या. सोबत शिल्पकार होता. प्रत्येक शिल्प अस्सल असल्याचं त्याच्या तोंडून ऐकल्याशिवाय त्या एकही गाडीत चढवणार नव्हत्या. वडिलांनी इच्छापत्रात सगळा संग्रह त्यांना दिला होता. एक तरी मला ठेवू द्या, म्हणून मी दोनदा पत्र लिहिलं. दोन्ही वेळा उत्तर आलं, संग्रह फोडता येणार नाही.

वडील दातांचे डॉक्टर. शिल्पकार लाकडी खोकी ठोकणाऱ्या कारखान्यातला कामगार, कुणाकडे काही शिकला नव्हता. दाढ काढायला आला तेव्हा त्याच्या खिशात वीतभर लाकडी बाई होती. ती वडिलांनी मागून घेतली आणि पुढची सव्वीस वर्षं त्याचं काम घेत राहिले.

"घरात माणसं तीन आणि ओंडके सदतीस," आत्या म्हणायची. आज ती दारातच खुर्ची टाकून बसली होती. "न्या बाई, न्या. पुसून पुसून माझेच हात लाकडाचे झाले."

शिल्पकार एकेक शिल्प उलटं करी, बुडावरून अंगठा फिरवी आणि म्हणे, "माझं." बाई यादीवर खूण करत. शेवटचं शिल्प घरातल्याच दवाखान्यात, औजारांच्या कपाटावर होतं. बसलेला, हसणारा माणूस. ते घेऊन तो खिडकीपाशी गेला.

"हे माझं नाही."

"नीट बघा," बाई म्हणाल्या. "यादी डॉक्टरांच्याच हातची आहे."

"असेल. पण माझी माणसं तोंड उघडत नाहीत. मला दात जमत नाहीत."

कान खालीवर होते, नाक म्हणजे नुसता गोळा. दात मात्र वरच्या ओळीत मोजून सोळा, अक्कलदाढांसकट.

आत्या चष्मा लावून जवळ आली. "दादाचंच काम हे. दवाखाना बंद केल्यापासून दुपारी दार लावून आत घरघर चालायची. मला वाटलं, कुणाची कवळी घासतोय."

बाईंनी शेवटची ओळ खोडली. छत्तीस शिल्पं गाडीत गेली.

शिल्पकार मागे राहिला. "ताई, हे मला द्याल? डॉक्टरांनी माझी एवढी ठेवली. माझ्याकडे त्यांचं एकही नाही."

त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. वडिलांनी देऊन टाकलं असतं, वर चहा पाजला असता.

"नाही," मी म्हणाले.

"अगं, असं काय!" आत्या म्हणाली.

"नाही, आत्या."

त्याने मान हलवली आणि शिल्प माझ्या हातात दिलं. वाटलं होतं त्यापेक्षा जड होतं.

"लाकूड अजून ओलं आहे," तो म्हणाला. "वाळवायला थांबले नाहीत. उन्हाळ्यात तडकेल. तडकू द्या, काही भरू नका."

"बरं," मी म्हणाले.

आत्या शिल्पाखाली घालायला जाडसं फडकं शोधायला आत गेली.