मनकर्णेच्या जागेची राखण

चौऱ्याहत्तर सालचा नाताळ जवळ आला होता आणि नागपुरात अशी थंडी पडली होती की खोबरेल तेलाची बाटली चुलीजवळ ठेवावी लागे. आमच्या चर्चचं भगिनी मंडळ तेव्हा रात्री सायकलरिक्षातून निघायचं. चहाची किटली टॉवेलात गुंडाळून माझ्या मांडीवर, ब्लँकेटांची चवड प्रमोदिनीताईंच्या. ताई मंडळाच्या अध्यक्ष आणि मुलींच्या शाळेच्या मुख्याध्यापिका. फुटपाथवरचा कुणी ब्लँकेट घ्यायला लाजला, की त्या वर्गात बोलावं तशा म्हणायच्या, "प्रेमानं दिलेलं नाकारू नये. देणाऱ्याचं मन मोडतं." माणूस घाबरून घ्यायचा.

स्टेशनसमोर दिव्याच्या खांबाखाली मनकर्णा झोपायची. पहाटेच्या गाड्यांनी उतरणाऱ्यांना ती दात घासायला कडुनिंबाच्या काड्या विकायची. त्या रात्री खोकल्यानं तिच्या हातातला चहा अर्धा सांडला.

"चर्चच्या हॉलमध्ये चला," ताई म्हणाल्या. "शेगडी आहे, गादी आहे."

"मले नाही याचं."

"का नाही?"

"मी उठली का तो बसला," तिनं पलीकडच्या अंधाऱ्या कोपऱ्याकडे बोट दाखवलं. तिथे नत्थू डोक्यावरून पांघरूण घेऊन पडला होता. तोही काड्याच विकायचा, पण त्याच्यापर्यंत गिऱ्हाईक पोचतच नसे. "इथला कायदा हाये बाई. रातभर ज्याची पाठ टेकली, सकाळी दुकान त्याचं. ही जागा गेली तं मी खाऊ काय?"

पांघरुणातून आवाज आला, "जा न वं बुढे! तब्येत पाह्य आपली. जागेचं मी पाहतो न."

"आयकलं?" मनकर्णा म्हणाली आणि पुन्हा खोकू लागली.

ताईंनी विचारलं, "दुसऱ्या कुणाची पाठ चालते?"

नत्थू उठून बसला. "घरचं माणूस पाह्यजे."

"मी बहीण आहे तिची."

नत्थूनं त्यांचा चष्मा पाहिला, मनगटावरचं घड्याळ पाहिलं. "सख्खी?"

"सख्खी," म्हणत ताई पोत्यावर आडव्या झाल्या. रविवारी चर्चमध्ये पवित्र शास्त्र वाचणाऱ्या ताई इतक्या सहज खोटं बोलताना मी पहिल्यांदाच पाहिलं. मी मनकर्णेला हॉलवर नेलं.

पुढचं मला नत्थूनं सांगितलं; ताई कधी बोलल्या नाहीत. मध्यरात्रीनंतर जरीपटक्याचे एक सिंधी शेटजी मोटारीतून ब्लँकेटं वाटत आले. खांबाखाली चष्मा लावून झोपलेली बाई पाहून त्यांना भरून आलं.

"माताजी, अच्छे घर की लगती हो। बेटे-बहू ने निकाल दिया?"

जन्मात लग्न न केलेल्या ताई ताडकन उठायला गेल्या. नत्थू ओरडला, "पाठ! पाठ टेका मोठ्या बाई, नाही तं जागा गेली!"

ताई परत आडव्या. आडव्या पडूनच त्यांनी शेटजींना सांगितलं, की मी स्वतः ब्लँकेटं वाटते. दुःखानं बाईच्या डोक्यावर परिणाम झालाय, हे शेटजींनी ओळखलं आणि एकावर एक दोन ब्लँकेटं घालून डोळे पुसत निघून गेले.

पहाटे मी मनकर्णेला घेऊन आले, तर खांबाखाली रांग लागलेली.

"ढकलाढकली नको. एकेकानं या. दात दाखवा," ताई सांगत होत्या. एक दांडगा हमाल आ करून उभा होता. ताईंनी दात तपासले आणि त्याला बेताची काडी निवडून दिली. रांगेत घाई असलेले सरळ नत्थूकडे वळत होते. नत्थूची जुडी संपली होती. असं त्याच्या आयुष्यात पहिल्यांदा झालं होतं.

"माह्या गिऱ्हाइकाले उभं काहून करून ठेवलं वं?" मनकर्णा रिक्षातूनच ओरडली. "काडी द्याची का दात मोजाचे?"

ताई उठल्या, ब्लँकेटं झटकून तिच्यापुढे धरली. "ही तुला घे."

"रातच्याले शेटजीनं देल्ली मोठ्या बाईले," नत्थूनं सांगून टाकलं.

"नाही वं बाई. तुमाले देल्ली त्यानं. प्रेमानं देलेलं नाकारू नये. देणाऱ्याचं मन मोडते."

ताईंचा चेहरा पाहून हसू लपवायला मी किटलीत तोंड घालायचंच बाकी ठेवलं.

"मी नाकारत नाही," नत्थू पुढे आला. "एक इकडे द्या."

एक त्याला मिळालं, दुसरं लाल ताईंकडेच राहिलं. काड्या विकून झाल्यावर मनकर्णेला मी परत हॉलवर नेलं. दुसऱ्या रात्री ताई उशी घेऊन हजर झाल्या, तर नत्थूनं खांबाखालची जागा झाडून ठेवली होती. "या मोठ्या बाई. बुढीले आराम करू द्या महिनाभर."

हे मी हॉलवर सांगितलं, तशी मनकर्णा गादीवर उठून बसली. तिसऱ्या दिवशी पहाटे ती पदर खोचून दारात उभी. "माहा खोकला गेला."

"थोडा बाकी आहे," मी म्हटलं.

"बाकीचा जाईन मांगून. मोठ्या बाई अजून एक रात्र राह्यल्या तं गिऱ्हाईक सगळं नत्थूकडे जाईन."

ते लाल ब्लँकेट ताईंच्या पलंगावर पुढे कितीतरी हिवाळे असायचं. कुठून घेतलं, असं कुणी विचारलं, की ताई म्हणायच्या, "घेतलं नाही. मिळालंय," आणि माझ्याकडे अशा बघायच्या की मी चहा ठेवायला उठायची.